बांधावरचा सुरू

नाताळला आम्ही सुरूची फांदी उभी करतो, असं वसईबाहेरच्या कुणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "का, खरं ख्रिसमस ट्री मिळत नाही तिकडे?" मिळतं की. क्रॉफर्ड मार्केटात हिरव्या प्लास्टिकची झाडं ओळीने टांगलेली असतात, वांद्र्याच्या हिल रोडवर डिसेंबरभर स्टॉल लागतात, आणि मोबाइलवरून मागवलं तर खोकं थेट दारात येतं. पण आमच्या घरात नाताळचं झाड म्हणजे वाडीच्या बांधावरचा सुरू. त्याच्या जागी कधी दुसरं काही उभं राहिलं असेल, तर त्या प्रत्येक वेळेला काही कारण होतं. ती कारणं ज्यांना ठाऊक आहेत ती माणसं आता म्हातारी झाली आहेत, म्हणून हे लिहायला बसले.

सुरू दुरून पाइनसारखा दिसतो, पण त्या कुळातला नाही. ज्या हिरव्या सुया वाटतात त्या बारीक डहाळ्या आहेत. पानं म्हणजे त्या डहाळीच्या प्रत्येक पेरावर कंगोऱ्यासारखे बसलेले इवलेसे खवले. पेराशी डहाळी हलकेच ओढली की ती सुटते, आणि तशीच पुन्हा खोचून ठेवता येते. कुठल्या पेराला तोडली ते ओळखायचं, हा आमचा लहानपणीचा खेळ होता. झाड मूळचं ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशियाच्या किनाऱ्यांवरचं. आपल्याकडे 1868 साली कारवारला जळणासाठी त्याची लागवड झाली आणि पुढे सगळ्या किनाऱ्यावर वाळू धरायला, वारा अडवायला ते लावलं गेलं. वसईच्या एका समुद्रकिनाऱ्याला तर सगळे सुरूची बागच म्हणतात.

आमची वाडी निर्मळच्या पश्चिमेला, समुद्राकडच्या अंगाला. खारा वारा केळीची पानं फाडून टाकतो, पानवेलीची टोकं करपवतो. म्हणून आजोबांनी पश्चिमेच्या बांधावर, बावखलाच्या कडेने सुरू लावले होते. बाहेरच्यांसाठी सांगते, बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं आणि खारं पाणी आत घुसू देत नाही. या सुरूंपैकी सगळ्यात जुना, बावखलाच्या अगदी कोपऱ्यावरचा, तो नाताळचा.

फांदी तोडायचा मान बाबांचा आणि दिवस 24 डिसेंबर. आदल्या दिवशी तोडली तर रात्रीच्या मिस्सेपर्यंत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेपर्यंत, ती मलूल होते, हा आजोबांचा नियम. शेंड्याला कोयता लावायचा नाही, हा दुसरा. दक्षिणेच्या बाजूची, पुरुषभर उंचीची, तिन्ही बाजूंना डहाळ्या असलेली फांदी बाबा दोन-तीन दिवस आधीच हेरून ठेवत आणि तिला सुतळीची खूण बांधत. ती आणायची, तेलाच्या रिकाम्या डब्यात ओली वाळू भरायची, बुंध्याला विटांचे तुकडे ठासायचे, डब्याला लाल घोटीव कागद गुंडाळायचा. फांदी सरळ उभी राहिली की बाबा चार पावलं मागे जाऊन बघत. तेवढ्या वेळात घरात कुणी बोलत नसे.

आजीच्या लहानपणी मात्र घरात झाड नव्हतंच. नाताळ म्हणजे गोठा. बाळ येशू, मरिया, जोसेफ, मेंढरं, आणि वर भाताच्या पेंढ्याचं छप्पर. आम्ही कॅथलिक, आणि आमच्यात गोठ्याची परंपरा फार जुनी. संत फ्रान्सिसने 1223 साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात पहिला गोठा मांडला, असं आम्हाला धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवलं जाई. झाड आलं उत्तरेकडून, अल्सास आणि जर्मन मुलखातून, आणि बराच काळ ते प्रोटेस्टंटांचं मानलं गेलं. व्हिक्टोरिया राणीचं कुटुंब सजवलेल्या झाडाभोवती उभं आहे असं चित्र 1848 साली लंडनच्या एका साप्ताहिकात छापून आलं आणि इंग्रजांच्या घराघरांत झाड शिरलं. खुद्द व्हॅटिकनच्या सेंट पीटर चौकात पहिलं झाड उभं राहिलं ते 1982 साली, पोप जॉन पॉल दुसरे यांच्या काळात. आमच्या घरात त्याच्या बरंच आधी आलेलं होतं. बाबा शाळेत असताना सिस्टरांनी शाळेच्या हॉलमध्ये सुरूची फांदी सजवली होती, ती पाहून त्यांनी घरी हट्ट धरला.

आजीने झाडाला नाही म्हटलं नाही. अट एकच घातली. गोठा पुढे, झाड मागे. घरात येणाऱ्याची नजर आधी बाळ येशूवर पडली पाहिजे. लाल लुगड्याचा पदर खोचून ती स्वतः पाटावर बसायची, एकेक मूर्ती पुसून मांडायची आणि मगच बाबांना फांदी आत आणू द्यायची. आजी गेली तरी हा क्रम आमच्याकडे कुणी मोडलेला नाही.

गोठ्याभोवतीची हिरवळ पेरायचं काम मुलांचं. डिसेंबरच्या दहा-बारा तारखेला पसरट ताटल्यांत माती घालून गहू पेरायचे आणि वर टोपली झाकायची. नाताळपर्यंत वीतभर पिवळट हिरवे अंकुर उभे राहत. शेजारच्या काकू नवरात्रात घट बसवत. त्यांच्याकडून गहू कसे भिजवायचे, पाणी किती शिंपडायचं ते मी शिकले. रोषणाईचंही तसंच. दिवाळीतल्या दिव्यांच्या माळा त्या उतरवून नीट गुंडाळून आमच्याकडे देत, आम्ही त्या जानेवारीत परत करायचो. चांदणीच्या आकाराचा कंदील, म्हणजे तारा, मात्र आमचा आम्ही करायचो, बांबूच्या कामट्या तासून, सुतळीने बांधून, पतंगाचा कागद खळीने चिकटवून.

झाडावर काय लावायचं याची सुरुवात निर्मळच्या जत्रेत व्हायची. कार्तिक वद्य एकादशीला शंकराचार्यांच्या समाधीची ही जत्रा भरते. सगळ्या धर्मांचे लोक जातात, आम्हीही जायचो. आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या आधीचा तयारीचा काळ, जवळ आलेला असायचा. भांड्यांच्या आणि बांगड्यांच्या दुकानांमधून आई आम्हाला चमकीच्या झिरमिळ्या, काचेचे मणी, कागदी फुलं घेऊन द्यायची. जत्रेतून घेतलेला एक लाल भोपळ्याच्या आकाराचा काचेचा गोळा अजून आमच्याकडे आहे. बाकी सगळं घरचं. सुरूची बोंडं वाळवून त्यांना रुपेरी रंग द्यायचा. काडेपेट्यांना सोनेरी कागद गुंडाळून भेटवस्तूंची खोकी करायची. अंड्याला सुईने दोन भोकं पाडून आतलं फुंकून काढायचं आणि टरफलावर डोळे, दाढी, टोपी काढून ख्रिसमस फादर करायचा. आणि बर्फ म्हणून कापूस. आमच्या घरात बर्फ कुणीही पाहिलेला नव्हता. आजी उशांसाठी जपून ठेवलेला सावरीचा रेशमी कापूस त्यासाठी मोकळा करायची. साधा कापूस गोळे होऊन लोंबतो, सावरीचा डहाळ्यांवर पसरून राहतो. पंखा लावायची मात्र बंदी.

जानेवारीत तीन राजांचा सण झाला की झाड उतरायचं. वाळलेली फांदी मागच्या दारी जायची आणि तिच्यावर न्हाणीचं पाणी तापायचं. सुरूचं लाकूड असं जळतं की बंबाला फुंकर घालावी लागत नाही. लहान असताना मला त्याचं वाईट वाटे. आता वाटत नाही. वाडीतलं झाड, वाडीतच तोडलं, घरात पाहुणा म्हणून राहिलं आणि शेवटी सगळ्यांची अंघोळ त्याच्यावर झाली. झाड कुठल्या जातीचं होतं याला आमच्याकडे महत्त्व नाही. ते कुणी आणलं आणि पुढे कुठे गेलं, हे आम्ही लक्षात ठेवतो.

म्हणूनच काकांच्या झाडाची गोष्ट सविस्तर सांगायला हवी.

मोठे काका कुवेतला होते. 1986 साली सुट्टीवर येताना त्यांनी एक लांबट खोकं आणलं. आत प्लास्टिकचं झाड, तारेच्या फांद्या दुमडून ठेवलेल्या, प्रत्येक फांदीच्या बुडाशी रंगाची खूण. तशा खुणा बघत खालून वर लावत जायचं. सोबत काचेचे पातळ गोळे, एक चांदीचा तारा आणि आपोआप लुकलुकणाऱ्या दिव्यांची माळ. गल्लीतली मुलं ते पाहायला ओटीवर जमली. मला ते फार आवडलं होतं, हे मी मोकळेपणाने सांगते. त्याची पानं गळत नव्हती, कितीही दिवस ठेवलं तरी ते तसंच हिरवं, आणि शाळेतल्या कुणाकडेही तसं नव्हतं. बाबांनी काही म्हटलं नाही. काकांनी हॉलमध्ये झाड लावलं, आणि 24 तारखेला बाबांनी नेहमीसारखी फांदी तोडून आणली आणि ओटीवर उभी केली. पुढची काही वर्षं आमच्याकडे दोन झाडं असायची. काका सुट्टीवर नसले तर प्लास्टिकचं खोक्यातच राहायचं, कारण ते लावायचा बाबांना मुळीच उत्साह नव्हता.

1990 च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतलं. काकांचा फोन लागेना, पत्र येईना. घरात रोज संध्याकाळी रोजरी व्हायची आणि त्यानंतर रेडिओवरच्या बातम्या. कुवेतहून वाळवंटातून बसने जॉर्डन, तिथे छावणी, आणि अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने मुंबई, असा प्रवास करून काका आले. लाखाहून जास्त भारतीय त्या वाटेने परत आले. काकांच्या हातात एक छोटी बॅग होती. तिथलं घर, सामान, बँकेतले पैसे, सगळं मागे राहिलं. काका बोलत नसत. वाडीत जाऊन रहाटाजवळ बसून राहत.

त्या वर्षी 24 डिसेंबरला बाबा कोयता घेऊन बाहेर पडले नाहीत. त्यांनी माळ्यावरून ते खोकं काढलं, धूळ पुसली, आणि हॉलमध्ये बसून रंगांच्या खुणा बघत एकेक फांदी लावायला घेतली. त्यांना ती जमेना, कारण ते झाड त्यांनी कधी लावलंच नव्हतं. थोड्या वेळाने काका उठून आले आणि शेजारी बसले. "ती पिवळी खूण वरची, दादा," एवढंच म्हणाले. दोघांनी मिळून झाड उभं केलं. कुवेतमध्ये मिळवलेल्या सगळ्यातून उरलेली ती एकच मोठी वस्तू होती, आणि ती आमच्याकडे सुरक्षित होती. आजीने नियमाप्रमाणे गोठा पुढे मांडला. पाच वर्षांनंतर काकांनी पुन्हा परदेशी नोकरी धरली, पण खोकं त्यांनी मागितलं नाही. ते इथेच राहावं असं त्यांनी ठरवलं होतं.

एका वर्षी झाडच नव्हतं. 2003 च्या नोव्हेंबरमध्ये आजी गेली. दुखवट्याच्या घरात आमच्याकडे तारा टांगत नाहीत, कढईत नेवऱ्या-कलकल पडत नाहीत, झाड सजवत नाहीत. रात्री मिस्सेला जायचं, अंगणातला दिवा लावायचा, बस. ग्लोरियाच्या स्तोत्राच्या वेळी घंटा वाजल्या तेव्हा आईने माझा हात घट्ट धरला होता. घरी आलो तर ओटीवर ताटांची रांग लागलेली. दुखवट्याच्या घरी शेजाऱ्यांनी फराळ पोचवायचा असतो. चारही बाजूंच्या घरांतून आलेला, त्यात घट बसवणाऱ्या काकूंचंही ताट होतं, करंज्यांचं. गोठा मात्र आईने मांडला होता. त्याला दुखवटा नसतो, असं ती म्हणाली, आणि आजीने पुसून ठेवलेल्या मूर्ती तशाच, न पुसता मांडल्या.

माझा भाऊ कॅनडात स्थायिक झाला. तिथे तो कुटुंबाला घेऊन शेतावर जातो आणि फर झाड स्वतः करवतीने कापून आणतो. झाडांची शेती असते हे आम्हाला त्याच्याकडून कळलं. साताठ फुटांचं झाड तयार व्हायला सात ते दहा वर्षं लागतात, दरवर्षी कात्रीने त्याला आकार द्यावा लागतो, आणि शेतकरी एका बाजूला कापतो तसा दुसऱ्या बाजूला रोपं लावत जातो. घरी आणल्यावर बुंध्याचा खालचा चकता पुन्हा कापून ते पाण्याच्या बैठकीत उभं करायचं. पहिले काही दिवस झाड पाणी भराभर पितं. पाणी आटलं तर सुया गळतात. व्हिडिओ कॉलवर भावाने मोबाइल झाडाच्या बुडाशी नेऊन पाणी दाखवलं तेव्हा बाबा पुढे सरकून बघत होते. आमच्या ओल्या वाळूच्या डब्याची युक्ती तीच होती. जानेवारीत नगरपालिकेची गाडी येऊन झाडं गोळा करते आणि त्यांचा भुगा करून बागांमध्ये पसरते, हे ऐकून त्यांना फार बरं वाटलं. "वाया जात नाही ना," असं त्यांनी दोनदा विचारलं.

इकडे वसई झपाट्याने बदलत होती. 1988 च्या सुमाराला हिरव्या पट्ट्यातल्या जमिनी बांधकामाला खुल्या होऊ लागल्या. त्याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. बाबा मोर्च्यांना जात. बावखलं बुजू देऊ नका, विहिरींचं पाणी टँकरला विकू नका, हे तेव्हा गावोगाव बोललं जायचं. आमच्या वाडीतलं बावखल राहिलं. आजूबाजूची बरीच गेली, त्यांच्या काठचे सुरूही गेले. आता आमच्या ओळखीतली काही घरं इमारतींमध्ये आहेत, आणि 24 तारखेला सकाळी ती आमच्याकडे फांदी मागायला येतात. बाबा कुणाला नाही म्हणत नाहीत, पण कोयता दुसऱ्याच्या हातात देत नाहीत.

2021 च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याने वर सरकलं. रात्रभर आणि दुसऱ्या दिवशीही वारा. केळी आडव्या झाल्या, पत्रे उडाले, कितीतरी दिवस वीज नव्हती. बावखलाच्या कोपऱ्यावरचा जुना सुरू मुळासकट उलटला आणि पाण्यात पडला. सुरूचं तसं होतं. भुईगाव, कळंब, अर्नाळ्याच्या किनाऱ्यांवरही लाटा वाळू खेचून नेतात, मुळं उघडी पडतात आणि झाडं ओळीने कोसळतात. तुटलेल्या बुंध्यातून नवा धुमारा फुटेल, ही आशा सुरूच्या बाबतीत फारशी धरता येत नाही. बाबांनी खोड कापून घेतलं, पण विकलं नाही. त्याच्या फळ्या मागच्या पडवीत रचून ठेवल्या आहेत.

भावाने फोनवर सुचवलं म्हणून आम्ही त्या वर्षी रोपवाटिकेतून ख्रिसमस ट्री म्हणून विकतात ते कुंडीतलं झाड आणलं. तो अरौकेरिया. छान आहे, मजल्यासारख्या फांद्या टाकत वर जातो. त्या कुळातला कुक पाइन जगात कुठेही लावला तरी विषुववृत्ताकडे कलतो, असं 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं होतं. आमचाही आता दक्षिणेकडे झुकायला लागलाय. बाबांनी त्याला काठीचा आधार दिला नाही. त्याला तसंच वाढायचं असेल तर वाढू दे, असं त्यांचं म्हणणं.

पण त्यांचं खरं लक्ष दुसरीकडे होतं. त्याच पावसाळ्यात त्यांनी पडलेल्या झाडाची बोंडं उन्हात ठेवून उघडू दिली, आतलं पंख असलेलं बारीक बी राखेत मिसळून वाफ्यात पेरलं, आणि जगलेल्या रोपांतली चार बांधावर लावली. तेव्हा ते पंचाहत्तरीला आले होते. सुरू वाढायला चपळ. दुसऱ्या पावसाळ्यानंतर रोपं माझ्या डोक्याच्या वर गेली होती, आता मान वर करून बघावं लागतं. तरीही बाबांनी आजवर त्यांच्यातली एकही फांदी तोडू दिलेली नाही. मधली वर्षं आम्ही अरौकेरियाची कुंडीच आत आणून सजवली. या वर्षी त्यांनी दक्षिणेच्या बाजूच्या एका फांदीला सुतळी बांधली आहे.

भाऊ कुटुंबासह येतो आहे. त्याच्या मुलीने कधी सुरू पाहिलेला नाही. झाडाला वास येतो का, असं तिने विचारलं, कारण तिच्या घरचं फर झाड सबंध खोलीभर दरवळतं. सुरूला तसा वास नसतो, हे आईने तिला खरं सांगितलं, आणि नेवऱ्यांच्या सारणाचा वास येईल याची खात्री दिली. मिस्सेहून आल्यावर बाळ येशूला गोठ्यात ठेवायचा मान घरातल्या सगळ्यात लहान मुलाचा, म्हणजे या वेळी तिचा. गहू मी पेरणार आहे, सावरीचा कापूस काकूंच्या सुनेकडून यायचा आहे.

काकाही आता कायमचे इकडे आले आहेत, आणि त्यांनी माळ्यावरचं खोकं काढायला सांगितलं आहे. तेव्हा हॉलमध्ये काकांचं झाड आणि ओटीवर सुरू. गोठा या दोहोंपैकी कशापुढे मांडायचा, यावर आई आणि बाबांचं अजून एकमत व्हायचं आहे.